पट्टा वळवणारे साडभाऊ

सरळ रेषेचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस साऱ्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल; असलाच तर आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही. माझे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिकडे पुण्याबिण्याकडे या नात्याला नुसतं ‘साडू’ म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे त्याला भाऊ जोडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि एकदा भाऊ जोडला की त्याच्या सगळ्या तऱ्हा सांभाळून घ्याव्या लागतात. ते राहतात जळगाव जामोदला, मी खामगावला, आणि आमची दोघांची सासुरवाडी सोनाळा. सासऱ्यांनी थोरलीसाठी स्थळ पाहिलं तेव्हा ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नावर मध्यस्थाने ‘पट्टे बसवतो’ एवढंच सांगितलं होतं. सासऱ्यांना वाटलं, पिठाच्या गिरणीचे. गिरणी काही बंद पडत नाही, तेव्हा पोरगी उपाशी राहणार नाही, अशा हिशेबाने त्यांनी होकार दिला. लग्न लागून जेवणं होताहेत तोवर जावयाने सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की मामा, आपण गिरणीचे पट्टे बसवत नाही, आपण कारखान्यात माल वाहणारे पट्टे बसवतो, आणि त्यातही फक्त वळणारे. सासरे म्हणाले, ‘बरं.’ तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

हे वळणारे पट्टे म्हणजे काय, ते त्यांनी मला इतक्यांदा समजावलं आहे की झोपेतून उठवलं तरी मी सांगेन. सरळ पट्टा सोपा. दोन टोकांना दोन रोलर, त्यांच्यावर रबरी पट्टा ताणून बसवायचा, मोटर लावायची, माल इकडून तिकडे जातो. पण माल काटकोनात वळवून दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर सरळ पट्टा उपयोगाचा नाही. मग पट्टा हातपंख्याच्या आकाराचा कापावा लागतो, आणि रोलर गाजरासारखे घ्यावे लागतात, बाहेरच्या बाजूला जाड आणि आतल्या बाजूला बारीक, कारण बाहेरच्या कडेला जास्त चालायचं असतं आणि आतल्या कडेला कमी. शिवाय अशा पट्ट्याचा मूळ स्वभाव आत सरकण्याचा. त्याला बाहेरच्या कडेने लहान लहान चाकांच्या चिमटीत धरून ठेवावं लागतं. धरायचं, पण ताणायचं नाही. ‘सरळ पट्टा कोनीबी बसवते,’ ते म्हणायचे. ‘दोन रोलर ठोकले, वढला, झालं. वळनावर समजते मानूस.’

आणि आमच्या भागात वळणांना तोटा नव्हता. नवा कारखाना उभा राहायचा तो इंजिनियरच्या नकाशावर, पण भिंती चढता चढता शेठ लोकांच्या ओळखीचा कोणी वास्तुशास्त्राचा जाणकार येऊन सांगायचा की माल बाहेर जाण्याचं दार दक्षिणेला नको. मग दार पूर्वेला जायचं, यंत्रं मात्र जमिनीत पाया घालून दक्षिणेकडे तोंड करून बसलेली असायची, आणि मधल्या कोपऱ्यासाठी साडभाऊंना बोलावणं यायचं. डाळीच्या गिरण्या, सरकीचं तेल, पापड, मसाले, सगळीकडे त्यांची वळणं होती. ‘वास्तुवाल्यायच्या पाया पडलं पाह्यजे,’ ते म्हणायचे. ‘थे नसते तं मी आज पिठाचीच गिरनी चालवत बसलो असतो.’ हे ते सासऱ्यांसमोर म्हणायचे, आणि सासरे पानाचा डबा शोधायला उठून जायचे.

धंदा धंद्याच्या ठिकाणी ठेवावा ही समज त्यांना नव्हती. आमच्या मेहुण्याच्या लग्नात सोनाळ्याच्या अंगणात पंगत मांडायची होती आणि अंगणाच्या बरोबर मधे कडुनिंब उभा. दुसऱ्या कोणीही दोन तुकड्यांत पंगत मांडली असती. साडभाऊंनी बाजेची सुतळी सोडवली, तिचं एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधलं, दुसऱ्याला खडू बांधला आणि शेणाने सारवलेल्या अंगणावर दोन मोठ्या कमानी आखल्या. मग हातात उपरणं घेऊन ते लोकांना बसवत सुटले. ‘बाहेरच्या अंगाले जागा जास्त हाये, तिथं पोटवाले बसा. आतल्या अंगाले लेकरं. ओ मामा, तुमी बाहेर, तुमी बाहेरचेच हाव.’ मामा नवरीकडचे होते, त्यांना ते लागलं. शिवाय बाहेरच्या ओळीला अंतर जास्त म्हणजे वाढप्यालाही चालणं जास्त, हे साडभाऊंच्या लक्षात उशिरा आलं. आतल्या ओळीतली लेकरं दुसऱ्यांदा बुंदी मागत होती तेव्हा बाहेरच्या ओळीतल्या पोटवाल्यांना पहिलं वरण पोचायचं होतं. तिथे आवाज चढू लागले तसे साडभाऊ खाली मान घालून स्वतः वरणाची बादली घेऊन बाहेरच्या बाजूने धावू लागले, आणि धावता धावताही मला म्हणाले, ‘साडभाऊ, बाहेरची कड नेहमी जास्त पयते.’

एसटीत तर त्यांच्याबरोबर बसणं ही शिक्षा होती. एकदा आम्ही मलकापूरहून बुलडाण्याला निघालो होतो. घाट लागला तसे साडभाऊ जागेवरून उठले आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे राहिले. पहिल्या वळणाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणाला त्यांच्याने राहवलं नाही. ‘डायवरसाहेब, बाहेरून धरा, बाहेरून. आतल्या अंगाले वढू नका.’ ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. तिसऱ्या वळणाला पुन्हा तेच. तेव्हा मागून कंडक्टर म्हणाला, ‘काका, तुमी तिकीट बुलडान्याचं काढलं का डायवरकीचं?’ सगळी गाडी हसली. साडभाऊही हसले, पण घाट संपेपर्यंत त्यांनी दांडा सोडला नाही, आणि बुलडाण्याला उतरल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन ‘शेवटचं वळन चांगलं घेतलं बरं का’ असं सांगून आले.

आणखी एक तऱ्हा म्हणजे नेलपॉलिश. जळगाव जामोदच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाईंची पक्की समजूत होती, की बायकोवर एवढा जीव असलेला पुरुष साऱ्या तालुक्यात नाही. दर महिन्याला हा गृहस्थ येतो आणि लाल नेलपॉलिशच्या चार चार बाटल्या घेऊन जातो. त्या बाई दुसऱ्या गिऱ्हाइकांना आमच्या मेहुणीचं उदाहरण द्यायच्या. प्रत्यक्षात मेहुणीच्या नखाला त्यातला एक थेंब कधी लागला नाही. साडभाऊ पट्टा बसवून झाला की प्रत्येक बोल्ट आवळायचे, आणि मग बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढायचे. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते, आणि कोणीतरी हात लावला हे कळतं. ‘बाकीच्या बाया नखं रंगवते,’ मेहुणी माझ्या बायकोला सांगायची, ‘अन् माया घरचा मानूस नट-बोल्ट रंगवते.’ पण सांगताना तिला त्याचं थोडं कौतुकही असायचं, ते लपायचं नाही.

पट्टा तयार झाला तरी ते तो लगेच ताब्यात द्यायचे नाहीत. अख्खा एक दिवस रिकामा चालवायचे आणि शेजारी डबा पालथा घालून त्यावर बसायचे. जेवणही तिथेच, एक डोळा भाकरीवर आणि एक डोळा पट्ट्याच्या कडेवर. संध्याकाळी शेवटची परीक्षा. स्टीलचा गिलास काठोकाठ ताकाने भरायचा, पट्ट्यावर ठेवायचा आणि वळणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. ताकाचा थेंब न सांडता गिलास पोचला तर तो तिथेच उभ्याने पिऊन टाकायचा आणि मग शेठला म्हणायचं, ‘घ्या, तुमचं झालं.’ पापडाच्या एका कारखान्यात थेंब सांडला, तेव्हा त्यांनी सारं वळण खोलून दोन दिवस पुन्हा बसवलं. तिथल्या शेठने परोपरीने सांगितलं की आम्हाला पापड न्यायचे आहेत, ताक नाही. साडभाऊंनी ऐकलं नाही.

या सगळ्याच्या वर त्यांचा एक शब्द होता, आणि तो त्यांनी इतक्या लग्ना-बारशांत, इतक्या शेठ लोकांसमोर सांगितला होता की तो आता त्यांचा एकट्याचा राहिलाच नव्हता. ‘ज्या दिवशी माया हातचं वळन फाटन, त्या दिवशी मी वळन सोडलं. मंग सरळ पट्टे बसवीन, मान खाली घालून.’ लोक हसायचे. कारण त्यांचं वळण कधी फाटलंच नव्हतं. कुठे मोटर जळाली, कुठे उंदराने वायर खाल्ली, पण वळण म्हणून जे काही असतं ते फाटलं नव्हतं.

ते फाटलं ते माझ्यामुळे, आणि इथवर मी जे गमतीगमतीने लिहीत आलो ते खरं म्हणजे इथे येणं लांबवत आलो.

मी खामगावला एका डाळीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सुटे भाग, पोती, चाव्या, सगळं माझ्याकडे. आमच्या शेठनाही वास्तुवाल्याने दार फिरवायला लावलं, आणि पॅकिंगच्या खोलीतून डाळीची पाकिटं फलाटावर न्यायला एका वळणाची गरज पडली. मी साडभाऊंचं नाव सुचवलं. शेठ म्हणाले, ‘सगेसोयरे आणू नका बरं स्टोअरबाबू, मागून बोलता येत नाही.’ मी म्हटलं, मी जबाबदार. ते काम त्यांनी नवरात्रात केलं. दिवसभर रिकामा पट्टा, ताकाचा गिलास, उभ्याने पिणं, लाल रेघा, सगळं रीतसर झालं. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, त्याच दिवशी शेठच्या आईच्या हाताने पट्टा सुरू करायचं ठरलं आणि साडभाऊ गावी गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ आपल्या व्याह्यांना कारखाना दाखवायला घेऊन आले. पट्टा बंद होता. बंद असला की वळणाचा पट्टा खालून थोडा लोंबतो आणि आतल्या कडेला त्याला लाट पडते. तो तसाच असावा लागतो. व्याह्यांनी त्याला बोटाने ढोसून पाहिलं आणि म्हणाले, ‘ये तो ढीला है.’ शेठ माझ्याकडे पाहून हसले. ‘स्टोअरबाबू, साडूंनी लुंगी सुकत घातली काय?’ एवढंच बोलून ते पुढे गेले. त्यात राग नव्हता. पण मला ते झोंबलं. माझा शब्द होता, माझा माणूस होता, आणि उद्या साऱ्या गावासमोर पूजेच्या वेळी ही लुंगी लोंबताना दिसणार होती. या नोकरीपूर्वी मी बरीच वर्षं कापसाच्या एका जिनिंगमध्ये काढलेली. तिथे पट्टा ढिला पडला की आवळायचा, ही माझी सारी विद्या. खोलीची चावी माझ्याजवळ होती आणि सतरा नंबरचा पानाही माझ्याच स्टोअरचा. मी दोन्ही बाजूंचे बोल्ट दोन दोन आटे आवळले. पट्टा कसा ताठ झाला. मला खरंच बरं वाटलं. साडभाऊंची लाज राखली असं वाटलं, आणि ते मी आज लिहितो तेव्हा माझीच मला लाज वाटते.

रेघा मोडल्या होत्या, ते मला दिसलं. मी त्या रुमालाने पुसायला गेलो. वाळलेलं नेलपॉलिश रुमालाने निघत नाही हे कोणत्याही बाईला माहीत असतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी थोडा वेळ घासलं आणि मग म्हटलं, कोण बघतो.

दसऱ्याला साडभाऊ पांढरा सदरा घालून आले. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळी माणसं जमलेली. ते पट्ट्यापर्यंत पोचण्याआधीच शेठच्या आईंनी बटण दाबलं. पहिली चार-पाच पाकिटं ऐटीत वळली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पट्टा आत सरकू लागला. मी पाहत होतो. बाहेरची कड एकेका चाकाच्या चिमटीतून सुटत गेली, पट्ट्याला घडी पडली, घडी रोलरखाली गेली आणि जाड कापड फाडल्यासारखा आवाज झाला. पाकिटं खाली पडून फुटली आणि पूजेच्या रांगोळीवर तुरीची डाळ पसरली. कोणाला लागलं नाही. शेठच्या आई फक्त एवढंच म्हणाल्या, ‘अरे रे, दसऱ्याच्या दिवशी.’ ते ऐकून साऱ्यांच्या माना खाली गेल्या.

साडभाऊंनी पट्टा बंद केला आणि गुडघ्यावर बसले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. त्यांनी बोल्टाकडे पाहिलं. मोडलेली रेघ पाहिली, आणि तिच्यावर घासल्याचे ओरखडेही पाहिले असणार. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. तेवढ्यात शेठ म्हणाले, ‘मधे कोणी हात लावला होता काय? खोलीची चावी कोणाजवळ होती?’

मी तोंड उघडलं होतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. खरं म्हणजे उघडलं नव्हतं. साडभाऊ उठून उभे राहिले, पांढऱ्या सदऱ्याला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘कोनी हात नाई लावला शेठजी. माया मोजन्यात चूक झाली.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एकदा पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असंही मी स्वतःला सांगत आलो.

पुढचं सगळं साधं आहे. शेठनी बाहेरगावच्या माणसांकडून दुसरं वळण बसवून घेतलं. माझी नोकरी राहिली. साडभाऊंनी वळण सोडलं. लोकांनी त्यांना सोडलं असं मुळीच नाही. पापडवाले आले, मसालेवाले आले, एक तेलवाले तर दोनदा येऊन गेले. सगळ्यांना एकच उत्तर, ‘वळन सोडलं आपन.’ मेहुणी माझ्या बायकोला फोनवर सांगायची की घरचा माणूस आता सरळ पट्टे बसवायला जातो आणि दुपारी तीनला घरी परत येतो. पूर्वी घरी येत नाही म्हणून तक्रार करणारी ती बाई आता तीनला येतात म्हणून रडायची. मला कळत होतं काय झालं आहे ते. ज्याने चारचौघांत ‘चूक माझी’ म्हणून सांगितलं, त्याला आपला शब्द पाळावाच लागतो. उद्या त्याने पुन्हा वळण हातात घेतलं तर कोणीही विचारेल, मग त्या दिवशी चूक कोणाची होती? तो प्रश्न माझ्या दारात येऊ नये म्हणून ते सरळ पट्टे बसवत होते. हे सारं मला कळत होतं आणि मी गप्प होतो. नोकरी जाईल ही भीती होती. शेठ हसतील ही होती. पण सगळ्यात मोठी भीती, साडभाऊ आता माझ्याकडे कसे पाहतील, ही होती.

मधे दोन दसरे गेले. यंदा धोंड्याचा महिना आला तसं सासऱ्यांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. ताम्हणात अनारसे, वर दिवा, पाय धुणं, सगळा थाट. जेवणं झाल्यावर सासरे आत लवंडले, बहिणी-बहिणी स्वयंपाकघरात गेल्या, आणि ओसरीवर कूलरसमोर आम्ही दोघेच उरलो. साडभाऊ सुपारी कातरत होते. मी एकदम बोलून टाकलं. व्याही, लुंगी, पाना, रुमाल, काही सोडलं नाही.

त्यांनी सुपारी पुरी कातरली.

‘हाव,’ ते म्हणाले. ‘मले माहीत हाये.’

‘तेव्हापासून?’

‘तेव्हापासूनच. जिनिंगवाल्या मानसाचाच हात होता थो. दोनी बाजूनं सारखे आटे.’

‘मग तुम्ही बोलले काऊन नाही?’

‘मी काऊन बोलू? हात तुमचा होता.’ त्यांनी सुपारीचं खांड मला दिलं. ‘थ्या दिवशी बोललो असतो तं तुमची नोकरी गेली असती. तुमची पोरगी तवा नर्सिंगले शिकत होती. मी म्हटलं, आज राहू द्या. साडभाऊ मंग येतीन, अन् सांगतीन.’

मी ते खांड मुठीत धरून बसलो.

‘पह्यल्या दसऱ्याले तुमी सोनं द्यायाले जळगावले आले. मी तुमच्या मेव्हनीले म्हटलं, चहा उशिरा ठेव, साडभाऊले बोलाचं हाये. तुमी आपट्याचं पान देल्लं, गळ्यात पडले, कापसाच्या भावाचं बोलले अन् चालले गेले. मी तुमाले स्टँडपर्यंत सोडाले आलो, आठवते का? म्हटलं, रस्त्यानं बोलतीन. दुसऱ्या दसऱ्यालेबी तसंच. मायाजवळ पट्टा कापाचे प्लायवुडचे फरमे होते, हरएक कारखान्याच्या वळनाचे. थे मी भिंतीले टांगून ठेवले होते, पुसून पासून. दुसरा दसरा झाला अन् मंग मी थे काढले. वाळवी लागली होती तसीबी.’

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मी म्हटलं, ‘उद्याच शेठला सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो.’

‘शेठले काय सांगता?’ साडभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘मी काय शेठची वाट पाहून राह्यलो होतो? तुमी मले सांगाचं होतं.’

एवढ्यात आतून चहा आला आणि ते मेहुणीला साखर कमी पडल्याचं सांगू लागले.

तरी मी शेठला सांगितलंच. दुसऱ्या आठवड्यात, ऑफिसात, दार लावून. शेठनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘अरे, एवढंच होतं? तेव्हाच सांगायचं ना भल्या माणसा. बोलवा त्यांना. नाहीतरी हे नवं वळण त्रास देतंच आहे.’ ज्या भीतीपायी मी एका माणसाचा हात त्याच्या कामावरून उठवला, ती भीती एवढीशीच होती. मी बाहेर फलाटावर आलो.

तिथूनच जळगाव जामोदला फोन लावला. शेठ बोलावतात म्हणून सांगितलं, या म्हटलं, पाया पडतो म्हटलं.

‘नाई हो साडभाऊ,’ ते म्हणाले. ‘आता नजर ठरत नाई. मधे एकदा कागदावर वळन काढून पाह्यलं होतं. हातानं सरळच रेघ मारली.’ मग त्यांनी विचारलं, ‘नवा पट्टा चालू हाये का आता?’

‘हो, चालू आहे.’

‘फोन जवळ धरा बरं.’

मी आत जाऊन मोबाइल वळणापाशी धरला. पाकिटं खळखळत वळत होती. ऑपरेटर माझ्याकडे पाहू लागला. बऱ्याच वेळाने मी फोन कानाला लावला.

‘आतल्या अंगाचा तिसरा रोलर वाजून राह्यला,’ साडभाऊ म्हणाले. ‘बेअरिंग गेलं त्याचं. तेल घालू नका, बदलूनच टाका.’

मी हो म्हटलं आणि ते फोन ठेवतील म्हणून थांबलो. त्यांनी ठेवला नाही. मी पुन्हा मोबाइल वळणापाशी नेला आणि तसाच धरून राहिलो. जेवणाच्या सुट्टीची घंटा होऊन ऑपरेटरने पट्टा बंद केला, तोवर पलीकडे ते ऐकत होते.